शीतन मनोऱ्याची क्षमता-निश्चिती

शीतन मनोरा म्हणजे पाण्यातील नको असलेली उष्णता बाष्पीभवनाच्या साहाय्याने हवेत सोडून देणारी रचना होय. कारखान्यांत व वातानुकूलनाच्या व्यवसायात तिला ‘कूलिंग टॉवर’ असेच म्हणतात. मोठ्या इमारतींतील वातानुकूलन यंत्रणा, औष्णिक वीज केंद्रे, कागद, पोलाद व रसायनांचे कारखाने यांमध्ये शीतन मनोरे वापरले जातात. एखाद्या ठिकाणी किती मोठा मनोरा लागेल हे ठरविण्याच्या प्रक्रियेस क्षमता-निश्चिती म्हणतात. बाहेर टाकायची उष्णता, फिरणाऱ्या पाण्याचे प्रमाण, स्थानिक हवामान आणि पाण्याची उपलब्धता या चार गोष्टींवर ती अवलंबून असते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत उन्हाळा अतितीव्र व कोरडा, तर पावसाळा दमट असतो. त्यामुळे या विषयातील बहुतेक प्रश्न तेथे ठळकपणे दिसून येतात.

== तत्त्व ==

पाण्याचे बाष्पात रूपांतर होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. या उष्णतेस सुप्त उष्णता म्हणतात. नेहमीच्या तापमानास १ किलोग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. मातीच्या माठातील पाणी गार होते ते याच कारणाने. विदर्भातील घरोघरी उन्हाळ्यात लावला जाणारा कूलरही याच तत्त्वावर चालतो. कूलरमध्ये ओल्या ताटीतून जाणारी हवा गार होते आणि ती घरात घेतली जाते. शीतन मनोऱ्यात हवेऐवजी पाणी गार करणे हा हेतू असतो. हवा तापून, दमट होऊन बाहेर जाते.

मनोऱ्यात गरम पाणी वरून फवारले जाते. ते प्लॅस्टिकच्या नागमोडी पत्र्यांच्या थरांवरून पातळ पापुद्र्यासारखे खाली ओघळते. या थरांस ‘फिल’ म्हणतात. पाणी व हवा यांच्या संपर्काचे क्षेत्रफळ वाढविणे हे त्यांचे काम. पंख्याने किंवा नैसर्गिक ओढीने हवा या थरांतून वर जाते. पाण्याचा अल्प अंश बाष्परूपाने हवेत मिसळतो आणि उरलेले पाणी थंड होऊन तळातील हौदात जमा होते. तेथून पंपाने ते पुन्हा यंत्रणेत पाठविले जाते.

== ओल्या फुग्याचे तापमान ==

शालेय भूगोलात ओल्या व कोरड्या फुग्याच्या तापमापकाची ओळख होते. साध्या तापमापकाच्या फुग्याभोवती ओले मलमल गुंडाळून त्यावर हवा खेळविली असता जे तापमान दिसते, ते ओल्या फुग्याचे तापमान होय. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन अधिक आणि ओल्या फुग्याचे तापमान कोरड्या फुग्यापेक्षा तितके खाली.

शीतन मनोरा कितीही मोठा केला तरी त्यातून निघणारे पाणी बाहेरील हवेच्या ओल्या फुग्याच्या तापमानापेक्षा थंड होऊ शकत नाही. ही निसर्गाने घातलेली सीमा आहे. म्हणून मनोऱ्याची क्षमता ठरविताना रोजच्या हवामानवृत्तात सांगितले जाणारे कमाल तापमान मुख्य मानता येत नाही. ओल्या फुग्याचे तापमान विचारात घ्यावे लागते. नवख्या व्यक्तीची सर्वाधिक गफलत येथेच होते.

== चंद्रपूर-गडचिरोलीचे हवामान ==

चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही गावे उन्हाळ्यात देशातील सर्वांत उष्ण ठिकाणांत गणली जातात. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे येथे नवे नाही. मात्र ही हवा अतिशय कोरडी असते. ४५ अंश तापमान व १५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ओल्या फुग्याचे तापमान केवळ २४ अंशांच्या आसपास येते. उलट जुलैमध्ये तापमान ३१ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २८ अंश असते. म्हणजे माणसाला सुसह्य वाटणारा जुलै मनोऱ्याला मे महिन्यापेक्षा कठीण जातो. पावसाळ्यात कूलर लावला की खोली गार होण्याऐवजी चिकचिक वाढते, हा वैदर्भीय घरांतील अनुभव याच कारणाचा परिणाम होय.

सर्वांत अवघड काळ या दोहोंच्या मध्ये येतो. मृग नक्षत्राच्या सुमारास हवेत बाष्प येऊ लागते, पण पाऊस स्थिरावलेला नसतो. अशा वेळी तापमान ४० अंश व आर्द्रता ४० टक्के असल्यास ओल्या फुग्याचे तापमान २८.५ अंशांच्या आसपास जाते. इमारतीच्या भिंती व गच्ची अजून तापलेल्याच असल्याने वातानुकूलनाचा भारही मोठा असतो. मोठा भार आणि मंदावलेले बाष्पीभवन एकत्र येणारे हे दिवस क्षमता-निश्चितीसाठी निर्णायक ठरतात.

वर्षातील अगदी टोकाच्या एखाद्या तासासाठी मनोरा बांधणे खर्चिक असते. म्हणून वर्षातील केवळ सुमारे १ टक्का किंवा त्याहून कमी तासांत ओलांडले जाणारे ओल्या फुग्याचे तापमान आधारभूत मानण्याची प्रथा आहे. रुग्णालयांसारख्या ठिकाणी ही मर्यादा अधिक कडक ठेवतात.

== मूलभूत संज्ञा ==

'''तापांतर :''' मनोऱ्यात शिरणाऱ्या गरम पाण्याच्या व बाहेर पडणाऱ्या थंड पाण्याच्या तापमानांतील फरक. यास अभियंते ‘रेंज’ म्हणतात. उष्णतेचा भार व पाण्याचा प्रवाह यांवरून तो ठरतो. मनोऱ्याच्या आकारावरून नव्हे.

'''समीपता :''' थंड पाण्याचे तापमान व ओल्या फुग्याचे तापमान यांतील फरक. यास ‘ॲप्रोच’ म्हणतात. मनोऱ्याचा आकार मुख्यतः यावरून ठरतो. समीपता जितकी कमी हवी तितका मनोरा मोठा. तापांतर ५ अंश कायम ठेवून समीपता ४ अंशांवरून २ अंशांवर आणायची झाल्यास मनोरा ढोबळमानाने दुप्पट करावा लागतो. सुमारे २.८ अंशांहून कमी समीपतेची हमी उत्पादक सहसा देत नाहीत.

'''टन :''' वातानुकूलनात १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट शीतन. एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो त्यावरून हे माप आले. मनोऱ्याचा टन मात्र मोठा असतो, कारण मनोऱ्यास खोलीतील उष्णतेसोबत संपीडकाने (कॉम्प्रेसरने) खर्च केलेली ऊर्जाही बाहेर टाकावी लागते. भारतीय बाजारातील अनेक सूचिपत्रांत मनोऱ्याचा १ टन म्हणजे ताशी ३,९०० किलोकॅलरी, अर्थात सुमारे ४.५ किलोवॅट असतो. ओल्या फुग्याचे तापमान २७ अंश असताना मिनिटाला १३ लिटर पाणी ३७ अंशांवरून ३२ अंशांपर्यंत थंड करणे असा त्याचा अर्थ. दोन्ही टनांची गल्लत झाल्यास मनोऱ्याची निवड चुकते.

== उदाहरण ==

चंद्रपूर शहरातील एखाद्या रुग्णालयाच्या इमारतीस १०० टन क्षमतेची, पाण्याने थंड होणारी शीतक यंत्रणा बसवावयाची आहे असे मानू.

'''उष्णतेचा भार :''' १०० टन म्हणजे सुमारे ३५२ किलोवॅट. चांगल्या प्रतीचा संपीडक यासाठी अंदाजे ६५ किलोवॅट वीज घेतो. दोहोंची बेरीज ४१७ किलोवॅट. एवढी उष्णता मनोऱ्याने बाहेर टाकली पाहिजे.

'''पाण्याचा प्रवाह :''' १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढण्यास ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. तापांतर ५ अंश ठरविल्यास सेकंदाला सुमारे २० लिटर, म्हणजे ताशी ७२ घनमीटर पाणी फिरवावे लागेल.

'''तापमाने :''' ओल्या फुग्याचे आधारभूत तापमान २८ अंश व समीपता ४ अंश घेतल्यास थंड पाणी ३२ अंशांवर आणि गरम पाणी ३७ अंशांवर येते.

'''मनोऱ्याची निवड :''' ४१७ किलोवॅटला सूचिपत्रातील टनाने भागल्यास सुमारे ९२ टन हे उत्तर येते. परंतु ही संख्या २७ अंशांसाठी आहे. येथे ओल्या फुग्याचे तापमान १ अंशाने अधिक असल्यामुळे हवा आणि पाणी यांतील उष्णतेची ओढ कमी होते आणि मनोरा सुमारे १५ ते २० टक्के मोठा लागतो. म्हणजे १०५ ते ११० टनांचा मनोरा योग्य ठरेल. अंतिम निवड उत्पादकाच्या कार्यमान-आलेखावरून करतात.

मनोरा लहान पडल्यास यंत्रणा लगेच बंद पडत नाही. थंड पाणी ठरल्यापेक्षा अधिक तापमानाचे मिळते. शीतक यंत्रणेकडे जाणारे पाणी १ अंशाने गरम झाले की संपीडकाचा वीजवापर साधारणतः २ ते ३ टक्क्यांनी वाढतो. हा भुर्दंड दरवर्षीच्या वीजदेयकात दिसत राहतो. फार गरम पाण्याने संपीडकातील दाब वाढून सुरक्षा-कळ यंत्रणा थांबविते, आणि हे नेमके अतिभाराच्या दिवशी घडते. शस्त्रक्रियागृह किंवा अतिदक्षता विभागाच्या दृष्टीने ही गंभीर बाब ठरते.

== पाण्याचा हिशेब ==

मनोऱ्यातील पाणी तीन मार्गांनी कमी होते : बाष्पीभवन, हवेबरोबर उडून जाणारे तुषार आणि मुद्दाम सोडून दिले जाणारे क्षारयुक्त पाणी. तुषार अडविण्यासाठी वरच्या बाजूस वाकड्या पट्ट्यांची जाळी बसवितात. ती चांगली असल्यास तुषारांतील घट नगण्य राहते.

=== बाष्पीभवन ===

दर ५ अंश तापांतरास फिरत्या पाण्याच्या पाऊण टक्का बाष्पीभवन होते, असा ढोबळ नियम प्रचलित आहे. वरील उदाहरणात तो ताशी सुमारे ५५० लिटर देतो. जुलैच्या दमट हवेस हा आकडा चांगला लागू पडतो. मे महिन्यात मात्र तो फसवा ठरतो. ४५ अंशांची हवा मनोऱ्यात शिरते आणि ३० अंशांच्या आसपास थंड होऊन बाहेर पडते. म्हणजे पाण्याला आपल्या उष्णतेसोबत हवेने आणलेल्या उष्णतेचाही भार उचलावा लागतो, आणि त्यासाठी अधिक बाष्पीभवन होते. १ किलोग्रॅम हवेमागे १.२ किलोग्रॅम पाणी हे प्रमाण धरून गणित केल्यास पूर्ण भारावर ताशी हजार लिटरच्या जवळपास पाणी हवेत जाते.

यातून या प्रदेशापुरता एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मनोऱ्याचा आकार जून-जुलैच्या दमट हवेवरून ठरवावा. पाण्याची टाकी, बोअरवेल व नळजोडणी मात्र मे महिन्याच्या कोरड्या हवेवरून ठरवावी. दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या आकड्यांवरून ठरविल्या तर एक तरी चुकते.

=== क्षारांचे संहतीकरण ===

बाष्पीभवनात शुद्ध पाणी निघून जाते व क्षार मागे राहतात. हौदातील क्षारांचे प्रमाण भरतीच्या पाण्याच्या किती पट होऊ द्यायचे, त्या संख्येस संहती-आवर्तने म्हणतात. सोडावयाचे पाणी = बाष्पीभवन ÷ (आवर्तने − १) असे सूत्र आहे. ताशी १,००० लिटर बाष्पीभवन व ४ आवर्तने असल्यास सुमारे ३३० लिटर पाणी सोडावे लागते; एकूण भरती ताशी १,३३० लिटर. आवर्तने २ ठेवल्यास १,००० लिटर सोडावे लागते आणि भरती २,००० लिटरवर जाते.

राजुरा, कोरपना या तालुक्यांचा परिसर चुनखडकाचा असून तेथील सिमेंट उद्योग त्यावरच उभा आहे. अशा भागातील भूजल कठीण असण्याचा संभव मोठा. कठीण पाण्याने नळ्यांत चुन्याचा थर बसतो आणि उष्णतेचे वहन मंदावते. त्यामुळे मनोऱ्याचे गणित करण्यापूर्वी पाण्याचे पृथक्करण करून घेणे, तसेच मृदुकरण-संयंत्र बसविणे हितावह असते.

=== हिशेबाचा अर्थ ===

मे महिन्यात रोज १० तास पूर्ण भारावर चालणारा हा मनोरा ४ आवर्तनांवर दिवसाला सुमारे १३,३०० लिटर पाणी घेतो. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण मानले आहे. त्यानुसार ही सुमारे २४० माणसांची एका दिवसाची गरज होय. जिल्ह्यातील अनेक गावे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसलेली असताना हा आकडा केवळ तांत्रिक राहत नाही.

== चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र ==

या प्रदेशातील सर्वांत मोठे शीतन मनोरे चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रात आहेत. डमरूसारखे कमरेत निमुळते असणारे हे काँक्रीटचे मनोरे दुरूनही नजरेस पडतात. त्यांतून निघणारा पांढरा लोट अनेकांना धूर वाटतो. प्रत्यक्षात ते संघनित झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. कोळशाचा धूर स्वतंत्र, उंच व बारीक चिमणीतून बाहेर पडतो.

मनोऱ्याच्या या आकारास गणितात अपास्तज म्हणतात. असा मनोरा प्रथम नेदरलँड्समध्ये उभारला गेला. अभियंते फ्रेडरिक व्हान इटर्सन व जेरार्ड काउपर्स यांनी त्याचे एकस्व घेतले. आतील उबदार व दमट हवा बाहेरील हवेपेक्षा हलकी असल्याने आपोआप वर चढते आणि पंख्याची गरज उरत नाही. मनोऱ्यातील उष्णतेच्या देवघेवीचे गणित जर्मन शास्त्रज्ञ मेर्केल यांनी १९२५ मध्ये मांडले. क्षमता-निश्चितीची आजची रीत त्यावरच आधारलेली आहे.

चंद्रपूर केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट असून ते महानिर्मितीचे सर्वांत मोठे केंद्र आहे. इरई नदीवरील धरणातून त्यास पाणी मिळते. याच धरणाचे पाणी चंद्रपूर शहरासही लागते, आणि त्याचा फुगवटा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली भागाला लागून पसरलेला आहे. वीज, नागरी वस्ती आणि वन्यजीव असे तिघे एकाच जलसाठ्यावर विसंबून आहेत. २०१० च्या उन्हाळ्यात धरणातील साठा घटल्यामुळे केंद्रातील अनेक संच बंद ठेवावे लागले होते.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेद्वारे जुन्या, मनोरे असलेल्या औष्णिक केंद्रांसाठी दर मेगावॅट-तासास ३.५ घनमीटर ही पाण्याची कमाल मर्यादा घातली. म्हणजे घरातील विजेच्या एका युनिटमागे साडेतीन लिटर पाणी. या मर्यादेवर १,००० मेगावॅट वीज दिवसभर निर्माण करण्यास ८ कोटी ४० लाख लिटर पाणी लागते.

== पर्याय ==

'''हवेने थंड होणारी यंत्रणा :''' यात मनोरा व पाणी दोन्ही लागत नाहीत. परंतु तिला कोरड्या फुग्याच्या, म्हणजे ४५ अंशांच्या हवेत उष्णता सोडावी लागते. त्यामुळे वर उल्लेखिलेल्या १०० टन यंत्रणेस अशा दिवशी मनोऱ्यावरील यंत्रणेपेक्षा अंदाजे ५० ते ६० किलोवॅट अधिक वीज लागू शकते. ती वीज निर्माण करताना औष्णिक केंद्रातही ताशी २०० लिटरच्या आसपास पाणी खर्च होते. तरी एकूण पाण्याची बचत मोठी असते. वाढतो तो कोळशाचा व विजेचा खर्च. टंचाईग्रस्त ठिकाणी हा पर्याय गांभीर्याने विचारात घ्यावा लागतो.

'''प्रक्रिया केलेले सांडपाणी :''' नागपूर महानगरपालिकेच्या क्षेत्रातील सांडपाणी प्रक्रिया करून कोराडी औष्णिक केंद्रास दिले जाते. मोठ्या इमारतींतही असे पाणी मनोऱ्यासाठी वापरता येते; मात्र जंतुनाशन व क्षारनियंत्रण काटेकोर ठेवावे लागते.

'''भार कमी करणे :''' गच्चीवर पांढरा लेप, खिडक्यांना छज्जे, भिंतींना उष्णतारोधक थर आणि भोवती झाडी यांमुळे वातानुकूलनाचा भारच घटतो. भार १० टक्क्यांनी कमी झाला की मनोरा, पंप, वीज आणि पाणी ही सर्वच त्या प्रमाणात कमी होतात.

== जागा व देखभाल ==

मनोऱ्यास मोकळी हवा मिळाली पाहिजे. भिंतीच्या कोपऱ्यात बसविल्यास बाहेर पडलेली दमट हवा पुन्हा आत ओढली जाते. त्यामुळे मनोऱ्यापुरते ओल्या फुग्याचे तापमान वाढते आणि कागदावर बरोबर असलेला मनोरा प्रत्यक्षात अपुरा पडतो. चंद्रपूरसारख्या कोळसा-खाणींच्या परिसरात हवेतील धूळ फिलमध्ये अडकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये केलेल्या मूल्यमापनात चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. अशा ठिकाणी पाणी गाळण्याची सोय व फिलची नियमित सफाई अत्यावश्यक ठरते.

आरोग्याचा प्रश्नही मनोऱ्याशी निगडित आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९७६ मध्ये एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांमध्ये न्यूमोनियाची जीवघेणी साथ पसरली. तिला कारणीभूत जिवाणूस पुढे ‘लिजिओनेला’ हे नाव मिळाले. कोमट, साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि तुषारांवाटे श्वासात जातो. म्हणून मनोरा इमारतीच्या ताज्या हवेच्या झरोक्यांपासून व खिडक्यांपासून दूर ठेवणे, हौद ठरावीक काळाने रिकामा करून धुणे आणि पाण्यात जंतुनाशक घालणे या गोष्टी रुग्णालयांत विशेष काटेकोरपणे पाळाव्या लागतात. पावसाळ्यानंतर काही महिने बंद राहिलेला मनोरा उन्हाळ्यात पुन्हा सुरू करण्यापूर्वी अशी सफाई केल्याखेरीज चालवू नये.